बार्बरशॉप कोरसमध्ये गायचं असेल तर: पहिल्या सरावापासून चौघांच्या टॅगपर्यंत

मी मूळची मिरजेची. शाळा-कॉलेजात आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकले, मग नोकरी-संसारात ते मागे पडलं. अमेरिकेत, ओहायो राज्यात डेटनजवळ राहायला आल्यावर गाणं म्हणजे गणपतीच्या आरत्या आणि मंडळाच्या दिवाळीत एखादं भावगीत, एवढंच उरलं होतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं एका मंगळवारी संध्याकाळी मला तिच्या बायकांच्या बार्बरशॉप कोरसच्या सरावाला नेलं. चर्चच्या तळघरातला हॉल, तीसेक बायका, वाद्य एकही नाही. त्यांनी पहिला कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी गायलेल्या वेगवेगळ्या स्वरांचा मेळ, लावला आणि छतापाशी एक स्वर वाजायला लागला. तो त्यांच्यापैकी कुणीच गात नव्हतं. तसा स्वर मी त्याआधी फक्त नीट जवारी काढलेल्या तानपुऱ्यातून ऐकला होता.

तेव्हापासून मी तिथे बॅरिटोन गाते. पण पहिलं वर्ष चाचपडत गेलं. बरोबरच्या बायका शाळेच्या कॉयरमध्ये वाढलेल्या, त्यामुळे त्यांना जे कधी सांगावं लागलं नव्हतं ते मलाही कुणी सांगितलं नाही. आपल्याकडचं गाणं शिकून आलेल्या माणसाचं इथे कुठे अडतं आणि कुठे सोपं जातं, ते मराठीत वाचायला मिळालं नाही. म्हणून क्रमानं लिहिते आहे. पुरुषांना आणि बायकांना दोघांनाही हे उपयोगी पडेल. फरक जिथे आहे तिथे सांगेन.

१. चार आवाज आणि त्यांची कामं ओळखून ठेवा

बार्बरशॉप म्हणजे वाद्यांशिवाय, चार आवाजांत, एकमेकांना लगटून असलेल्या स्वरांत बांधलेलं गाणं. चौकडीत, म्हणजे क्वार्टेटमध्ये, प्रत्येक भागाला एकच माणूस असतो. कोरसमध्ये माणसं कितीही असोत, भाग चारच.

लीड मूळ चाल गातो. नवख्याला वाटतं चाल सगळ्यात वरच्या आवाजात असणार, पण इथे ती वरून दुसऱ्या आवाजात असते. टेनर लीडच्या वर, हलक्या आवाजात गातो. पुरुषांच्या चौकडीत तो बहुतेक वेळा चोरट्या आवाजात (फॉल्सेटोत) गातो. बेस खर्जात पाया धरतो. बॅरिटोनकडे उरलेला स्वर येतो, म्हणजे कॉर्ड पुरा व्हायला जो कमी पडतो तो. त्यामुळे बॅरिटोनची ओळ कधी लीडच्या वर जाते, कधी खाली उतरते, आणि एकटी ऐकली तर तिला चाल म्हणावी असं रूप नसतं.

बायकांच्या कोरसमध्येही हीच नावं आहेत. बाई बेस गाते याचा अर्थ ती पुरुषाइतकी खाली जाते असा नव्हे, तिच्या चौकडीतला सर्वात खालचा आवाज तिचा असतो, इतकंच.

गाण्याच्या छापील प्रतीत पाश्चात्त्य स्वरलिपीच्या, पाच-पाच रेघांच्या दोन पट्ट्या असतात: वरच्या पट्टीत टेनर आणि लीड, खालच्या पट्टीत बॅरिटोन आणि बेस. पुरुषांच्या प्रतीत वरची पट्टी लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली गातात. बायकांच्या प्रतीत बहुधा खालची पट्टी एक सप्तक वर गातात. पट्टीच्या सुरुवातीच्या चिन्हाला चिकटलेला छोटा ८ हेच सांगत असतो. तो माझ्या नजरेतून सुटला होता आणि मी दोन आठवडे घरी भलत्याच सप्तकात सराव केला.

२. इथला सूर पेटीवर सापडत नाही, हे आधीच समजून घ्या

हा भाग जरा लांब आहे, पण आपल्या लोकांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

आपल्याकडे संगीतशास्त्राच्या पुस्तकांत सा २४०, म्हणजे सेकंदाला २४० कंपनं, धरून हिशेब करतात. तोच धरू. बार्बरशॉपचा जीव ज्या कॉर्डमध्ये आहे, त्याला इथे सरळ 'बार्बरशॉप सेव्हन्थ' म्हणतात. त्यात सा, ग, प आणि कोमल नि असे चार स्वर असतात, आणि ते ४, ५, ६, ७ या प्रमाणात लावायचे असतात. म्हणजे सा २४०, ग ३००, प ३६०, नि ४२०. आता पेटी काढा. पेटीचा ग ३०२च्या थोडा वर वाजतो, म्हणजे चढा. पंचम जवळजवळ बरोबर असतो. कोमल नि मात्र ४२७च्या पुढे वाजतो. आपल्या गाण्यातला कोमल निषादही ४२७ किंवा ४३२च्या आसपासचा. बार्बरशॉपचा निषाद या सगळ्यांहून चांगलाच उतरलेला आहे. पहिल्यांदा ऐकताना तो बेसूर वाटतो. कॉर्ड जुळला की तोच स्वर जागेवर बसल्याचं कानाला कळतं.

२४०, ३००, ३६०, ४२० हे सगळे ६०च्या पटीतले आकडे. चौघे इतके नेमके जुळले की त्यांचे उपस्वर, म्हणजे प्रत्येक स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे बारीक स्वर, एकमेकांवर पडतात, एकमेकांना जोर देतात, आणि कुणीही न गायलेला स्वर ऐकू येतो. कॉर्ड 'रिंग' झाला, असं इथे म्हणतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच घराण्यातला. तुम्ही तानपुऱ्यावर कान तयार केला असेल तर ही गोष्ट तुम्हाला शिकवावी लागणार नाही, आणि इथले दहा-दहा वर्षं गाणारे लोक तुमच्या त्या कानाची मनापासून कदर करतील.

आता आपली अडचण. आपला सा मैफल संपेपर्यंत हलत नाही. इथे कॉर्ड बदलला की त्या कॉर्डपुरता पाया बदलतो. बार्बरशॉपच्या चाली बऱ्याचदा षड्ज-पंचम भावानं एका सेव्हन्थवरून दुसऱ्या सेव्हन्थवर सरकत जातात, आणि प्रत्येक कॉर्डचा आपला तात्पुरता सा असतो. उदाहरण घ्या. म-ध-सा या कॉर्डमध्ये म ३२० असतो. पुढचा कॉर्ड प-नि-रे-म असेल तर तोच म आता पंचमापासूनचा सातवा ठरतो, आणि तो ३१५वर उतरवावा लागतो. कागदावर दोन्ही ठिकाणी एकच खूण. मी सुरुवातीला मनातल्या सा वरून मध्यम लावत होते, प्रत्येक वेळी तो चढा पडत होता, आणि मला कारणच कळत नव्हतं. कारण कळलं ते सेक्शन लीडरनं, म्हणजे आमच्या भागाच्या प्रमुखानं, मला बेसकडे तोंड करून उभं केलं तेव्हा. मनातला तानपुरा बंद करा आणि बेसमध्ये ऐका. या एका वाक्यानं माझे सहा महिने वाचले असते.

दुसरं, जोर. पाया आणि पंचम ज्यांच्याकडे असेल त्यांनी मोकळा आवाज लावायचा, गंधार किंवा निषाद ज्याच्याकडे असेल त्यानं जरा कमी. म्हणजे तुमचा आवाज किती मोठा, हे तुमच्या स्वभावावर ठरत नाही. त्या क्षणी तुमच्याकडे कुठला स्वर आलाय, त्यावर ठरतं.

३. हे गाणं कुणाचं, ते माहीत करून घ्या

पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं आणि मिशा लावलेले चार गोरे पुरुष, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. ते फार अपुरं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत न्हाव्याचा धंदा करणारे बरेचसे लोक आफ्रिकन-अमेरिकन होते आणि त्यांची दुकानं ही त्या समाजाची बसण्या-बोलण्याची जागा होती. तिथे, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर, चार जणांनी कानानं स्वर शोधत गायचं. न्यू ऑर्लिन्समध्ये लहानपणी प्रसिद्ध जॅझ कलावंत लुई आर्मस्ट्राँग अशाच पोरांच्या चौकडीत गायचे. माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर पिक्वा नावाचं गाव आहे. तिथे मिल्स ब्रदर्स या गाजलेल्या गायक भावांच्या वडिलांचं केशकर्तनालय होतं आणि वडिलांची स्वतःची चौकडीही होती. १९९२ साली लिन ॲबट या संशोधकानं या शैलीचं आफ्रिकन-अमेरिकन मूळ पुराव्यानिशी मांडलं.

११ एप्रिल १९३८ रोजी ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ओवेन कॅश या कर-वकिलानं आणि रूपर्ट हॉल यांनी एका क्लबच्या गच्चीवर गाण्यासाठी लोकांना बोलावलं. २६ जण आले. त्यातून जी संस्था उभी राहिली ती आजची बार्बरशॉप हार्मनी सोसायटी. पण तिनं कृष्णवर्णीयांना १९६३पर्यंत दार बंद ठेवलं. १९४१ साली ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स ही कृष्णवर्णीय चौकडी न्यू यॉर्कची स्पर्धा जिंकली, तरी तिला सेंट लुईसच्या राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं नाही. न्यू यॉर्क शहराच्या उद्यानांचे प्रमुख रॉबर्ट मोझेस आणि न्यू यॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी त्याच्या निषेधार्थ संस्थेचे राजीनामे दिले. बायकांची स्वीट ॲडलाइन्स ही संस्था १९४५ साली टल्सातच सुरू झाली. तिनंही पुढे वर्णभेदाचा नियम केला, तेव्हा तो न पटलेल्या बायकांनी बाहेर पडून १९५९ साली हार्मनी इन्कॉर्पोरेटेड काढली. सोसायटीनं बायकांना पूर्ण सभासदत्व दिलं ते २०१८ साली.

हे मार्गदर्शकात कशाला, असं वाटेल. पण मी सावळ्या रंगाची बाई त्या हॉलमध्ये उभी राहून गाते, ती कुणामुळे हे मला माहीत असायला हवं. शिवाय जुन्या गाण्यांचे काही शब्द आज कानाला खटकतील. तसं वाटलं तर गप्प राहू नका, डायरेक्टरशी बोला. आमच्या कोरसनं एक गाणं त्यामुळे बाजूला ठेवलं, आणि कुणाला राग आला नाही.

४. जवळचा कोरस शोधा

नुसतं 'बार्बरशॉप' असं शोधलंत तर केस कापायची दुकानंच दिसतील. 'बार्बरशॉप कोरस' किंवा संस्थेचं नाव आणि शहर असं शोधा. अमेरिका-कॅनडात तीन मुख्य दारं आहेत: बार्बरशॉप हार्मनी सोसायटी, जिथे पुरुषांचे, बायकांचे आणि मिश्र असे तिन्ही प्रकारचे गट आहेत, स्वीट ॲडलाइन्स इंटरनॅशनल, आणि हार्मनी इन्कॉर्पोरेटेड. सोसायटीच्या स्थानिक शाखेला चॅप्टर म्हणतात. इंग्लंडात असाल तर १९७४पासूनची ब्रिटिश असोसिएशन ऑफ बार्बरशॉप सिंगर्स आणि बायकांसाठी १९७६पासूनची लेडीज असोसिएशन आहे. जर्मनीत १९९१पासून 'बार्बरशॉप इन जर्मनी' आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वीडनमध्येही भक्कम गट आहेत. २०१२ साली सोसायटीच्या स्पर्धेत पहिली आलेली रिंगमास्टर्स ही चौकडी स्वीडनचीच.

एकापेक्षा जास्त कोरस जवळ असतील तर दोन्हीकडे एकेक संध्याकाळ जाऊन बघा. काही गट स्पर्धेसाठी जीव तोडून तयारी करतात, काही वृद्धाश्रमात आणि गावच्या जत्रेत गाण्यात रमतात. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी स्पर्धेच्या महिन्यांत किती जादा सराव असतो, ते आधीच विचारून घ्यावं.

५. पहिल्या दिवशी बरोबर काय न्यायचं

आधी ईमेल करून 'पाहुणी म्हणून येऊ का' एवढं विचारा. तयारी करून गाणं न्यायची गरज नसते. बरोबर ठेवा:

- पेन्सिल. पेननं प्रतीवर लिहू नका, बऱ्याचदा ती कोरसची असते.
- रेकॉर्डिंग करता येणारा फोन. रेकॉर्ड करण्याआधी विचारा.
- पाण्याची बाटली.
- सपाट, घट्ट बसणारे बूट. रायझर म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा मंच असतो, त्यावर दोन-अडीच तास उभं राहायचं असतं. मी सँडल घालून गेले होते, पोटऱ्या भरून आल्या.
- तुमच्या आवाजाचा सर्वात खालचा आणि सर्वात वरचा निवांत स्वर, कागदावर लिहून.

शेवटच्याबद्दल थोडं. आपण 'माझी पट्टी काळी पाच' असं सांगतो. इथे त्यातून कुणाला काही कळत नाही, कारण पट्टी गाण्यागणिक ठरलेली असते आणि सगळ्यांची एकच असते. विचारतात तो पल्ला. घरी पेटीवर किंवा कीबोर्डवर खाली उतरत जा, आवाज घोगरा व्हायच्या आधीचा स्वर लिहा, मग वर चढत जा, ताण यायच्या आधीचा लिहा. अंदाजासाठी सांगते: बायकांचा लीड साधारण मंद्रातल्या पांढरी सहापासून वरच्या सप्तकातल्या पांढरी एकपर्यंत फिरतो.

६. पहिली संध्याकाळ

सुरुवातीला आवाज मोकळा करण्याचे व्यायाम होतात. मग कुणीतरी गोल, चपटा पिचपाइप फुंकतं. तो गाण्याचा सा. त्यावरून प्रत्येकानं आपापला पहिला स्वर मनात काढायचा आणि गुणगुणायचा. आपल्याला सा मिळाल्यावर आलापाला वेळ असतो, इथे दोन-तीन सेकंदात गाणं सुरू. घाबरू नका. शेजारणीचा स्वर घ्या.

डायरेक्टर किंवा सेक्शन लीडर तुमचा आवाज थोडा ऐकून भाग सुचवेल. मला चाल पटकन पाठ होते म्हणून मी लीडच मागितला होता. तीन आठवड्यांनी त्यांनी मला बॅरिटोनमध्ये हलवलं, तेव्हा मला ते पायरी उतरवल्यासारखं वाटलं आणि मी घरी येऊन रडले. ती माझी समजूत चुकीची होती. ज्यांचा कान पक्का त्यांना बॅरिटोन देतात, कारण त्या ओळीला आधार चालीचा नसतो, फक्त कानाचा असतो. तुम्हाला सुचवलेला भाग निदान दोन महिने गाऊन बघा, मग मत बनवा.

मध्यंतरात लोक येऊन ओळख करून घेतील, पहिल्या नावानं हाक मारतील. वयानं मोठ्यांनाही नावानंच हाक मारायची असते. मला सत्तर वर्षांच्या बाईंना नुसतं नावानं बोलावताना जीभ अडखळायची, पण 'मॅडम' म्हटलं तर त्यांना परकं वाटतं.

७. आपला भाग पाठ कसा करायचा

इथेच सगळ्यात जास्त नवे लोक गळतात, म्हणून सावकाश वाचा.

कोरस तुम्हाला प्रत आणि लर्निंग ट्रॅक देतो. ट्रॅकमध्ये एका कानात तुमचा भाग मोठ्यानं आणि दुसऱ्या कानात बाकीचे तिघे, अशी सोय असते. मी काय केलं? माझा भाग असलेला एकच इयरफोन लावून, कामाला जाता-येता गाडीत ऐकून ओळ पाठ केली. घोटून घोटून, बंदिशीसारखी. सरावाला गेले, बाकीच्या तीन आवाजांनी गायला सुरुवात केली आणि चौथ्या मात्रेला मी लीडच्या चालीवर जाऊन बसले. पाठांतर पक्कं होतं, पण ते एकटीनं गायचं पाठांतर होतं. आपल्याकडे संगत करणारा गायकाच्या मागे जातो, पेटीवाला त्याची जागा हेरून वाजवतो. दुसरा वेगळं गात असताना आपलंच गात राहायची सवय आपल्याला नसते. गोव्यात चर्चच्या कॉयरमध्ये किंवा दोन आवाजांत मांडो गात वाढलेल्या माणसाला मात्र हे जड जाणार नाही.

मला शेवटी जमलेला क्रम असा:

पहिले दोन-तीन दिवस नुसतं ऐका, चारही भाग एकत्र. गायचं नाही. लीडची चाल ओळखीची होऊ द्या, कारण ती कुठे आहे हे कळल्याशिवाय तिच्यापासून दूर राहता येत नाही.

मग फक्त तुमचा भाग, शब्दांशिवाय, 'नू' किंवा 'डू' वर. शब्द आले की लक्ष उच्चारांकडे जातं आणि स्वर सैल होतो. एका वेळी एकच ओळ, शेवटच्या ओळीपासून मागे मागे येत. शेवट पक्का असला की मधे चुकलं तरी परत येता येतं.

मग दोन्ही कान उघडे ठेवून, चौघांबरोबर.

आणि सगळ्यात शेवटी तुमचा भाग बंद करून बाकीच्या तिघांवर गा. हे जमेपर्यंत पाठ झालं असं समजू नका. स्वतःला रेकॉर्ड करा आणि तिघांच्या ट्रॅकबरोबर ऐका. बहुतेक कोरस असंच रेकॉर्डिंग मागतात, आणि ते पास झाल्यावरच रायझरवर त्या गाण्याला उभं करतात.

एक सावधगिरीची सूचना. प्रतींची झेरॉक्स काढू नका, ट्रॅक मित्राला पाठवू नका. प्रत्येक गाणाऱ्यामागे एक विकत घेतलेली प्रत असावी लागते. मी एका ठिकाणी पाहुणी म्हणून गेले तेव्हा माझ्या हाती झेरॉक्सचा गठ्ठा दिला गेला. मी तो भोळेपणानं आमच्या सरावाला आणला आणि तिथे मला सगळ्यांसमोर त्याचा खुलासा करावा लागला. ज्यांनी स्वरमेळ बांधला त्यांचं पोट त्यावर आहे.

८. आपल्या गाण्याच्या कुठल्या सवयी बाहेर ठेवायच्या

मींड. स्वरावर सरळ उतरा. खालून ओढत आणलेला स्वर कोरसमध्ये चौघांना गढूळ करतो.

हरकत, मुरकी, खटका. चाल तुमच्याकडे असली तरी नाही. ठरवून बांधलेल्या जागी लीडला किंचित स्वातंत्र्य असतं, ते डायरेक्टर सांगेल.

आंदोलन आणि आवाजातला कंप. स्वर हलला की उपस्वर जुळत नाहीत आणि रिंग मोडते. भावगीतात जो कंप गोड लागतो, तो इथे जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. मला याला आठ महिने लागले. खर्जाचा रियाज कामी आला: एक स्वर, पूर्ण श्वास, काहीही न करता.

स्वतःचा श्वास. कोरसमध्ये लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो, शब्दाच्या मध्येच, शेजारी गात असताना चोरून घ्यायचा असतो. चौकडीत मात्र चौघांनी एकत्र, ठरलेल्या जागी.

एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत. इथे सगळा भर चौघांचा आकार-ओकार सारखा असण्यावर असतो, आणि अमेरिकन लोकांचा 'ओ' गाताना 'ओउ' होतो, 'ए' चा 'एइ' होतो. आपले मराठी स्वर शुद्ध, सरळ. आमची डायरेक्टर आता मला पुढे बोलावून 'ओ' गायला लावते. 'आय' सारख्या जोडस्वरात 'आ' वर थांबायचं आणि शेवटच्या क्षणी सगळ्यांनी मिळून 'य' कडे वळायचं. व्यंजनांचं आपलं जड जातं: 'ट' दातांच्या मागे नेऊन हलका करा, आणि 'व' चे इंग्रजीतले दोन प्रकार ओठांवर घोटून घ्या.

९. सभासदत्व आणि पैसे

अर्ज, वर्गणी, आणि भाग पास झाल्याची नोंद, एवढंच लागतं. वर्गणी बहुधा थरांची असते: मुख्य संस्था, तिचा विभाग आणि तुमचा कोरस. एकूण आकडा आणि हप्त्याची सोय आधी विचारा. विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते. वर्गणीपलीकडे पोशाख, स्पर्धेचा प्रवास, हॉटेल असा खर्च येतो, आणि बायकांच्या कोरसमध्ये रंगमंचाचा भडक मेकअपही. मी उत्साहात पहिल्याच महिन्यात पोशाख मागवला आणि सहा महिन्यांनी कोरसनं पोशाख बदलला. वापरलेले पोशाख सभासदांकडे मिळतात, आधी तेच विचारा. विकत घ्यायची एकच गोष्ट सुचवेन, ती म्हणजे पिचपाइप, पांढरी चार ते पांढरी चार असा असतो तो.

१०. टॅग शिका

टॅग म्हणजे गाण्याचा शेवटचा छोटासा तुकडा, ज्यात सगळ्यात रसरशीत कॉर्ड असतात. सराव संपल्यावर, पार्किंगमध्ये, हॉटेलच्या जिन्यात लोक चार-चारचा गोल करून टॅग गातात. शिकवणारा एकेकाला त्याची ओळ तोंडी गाऊन देतो, कागद नसतो. गुरुमुखातून शिकलेल्या माणसाला हे फार सोपं जातं. बऱ्याच टॅगमध्ये एक जण एकच स्वर लांब धरून ठेवतो आणि बाकी तिघे त्याच्याभोवती कॉर्ड बदलतात. त्या धरलेल्या स्वराला 'पोस्ट' म्हणतात. नवख्यांनी पोस्टपासून सुरुवात करावी: षड्ज धरायचा आणि त्याच्याखाली जग बदलताना ऐकायचं.

रीत अशी आहे की एका भागाला एकच माणूस. चौघे गात असताना पाचवा म्हणून आवाज मिसळू नका, कितीही मोह झाला तरी. टॅग संपला की 'मी बॅरिटोन घेऊ का' असं विचारा. कुणीतरी हसून जागा देतं. आणि टॅग नीट जुळला तर शेवटच्या कॉर्डनंतर लगेच बोलू नका, खोलीतला आवाज विरू द्या.

स्पर्धेत जायचं झालं तर इतकं माहीत असलं तरी पुरे: सोसायटीच्या स्पर्धेत दोन गाणी गायची असतात आणि परीक्षक संगीत, सादरीकरण आणि गायन या तीन बाजूंनी, प्रत्येक गाण्याला शंभरपैकी गुण देतात. पहिल्या वर्षी नुसतं बघायला जा.

११. जवळ कोरसच नसेल तर

पुण्यात, नागपुरात किंवा अमेरिकेच्या एखाद्या आडगावात राहत असाल तर चार माणसं पुरेशी आहेत. चौघांपैकी निदान दोघांचा कान पक्का हवा. सोपा टॅग निवडा. जिना, बाथरूम, रिकामी पार्किंग अशी घुमणारी जागा बघा.

ॲपवरचा किंवा खरा तानपुरा सा आणि पंचमावर लावा. बेसनं सा धरावा, लीडनं पंचम. मग तानपुरा बंद करा. दोघांचं स्थिर झालं की टेनरनं गंधार लावावा, पेटीचा नाही, तानपुऱ्याच्या तारेतून ऐकू येतो तो. सगळ्यात शेवटी बॅरिटोननं कोमल निषाद घ्यावा, आपल्या नेहमीच्या जागेवरून सुरू करून केसाकेसानं खाली आणत. बाकी तिघांनी हलायचं नाही. दहा वेळा काही होणार नाही. अकराव्या वेळी कदाचित जिन्याच्या वरच्या मजल्यावरून पाचवा आवाज ऐकू येईल. तिथे थांबा, तो निषाद कुठे होता ते बॅरिटोनला लक्षात ठेवायला सांगा, आणि श्वास घेऊन परत सुरू करा.